पीजीऑडिट: काही महिने वापरल्यावर

महापे एमआयडीसीतल्या आमच्या पोस्टग्रेस १६ या डेटाबेस सर्व्हरवर पीजीऑडिट हे नोंदी ठेवणारं एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्राम) गेले काही महिने चालू आहे. ग्रँट (हक्क देणं), रिव्होक (हक्क काढणं) कोणी आणि कधी चालवलं, याची नोंद ते चोख ठेवतं. आज कोणाकडे काय हक्क आहेत, हे मात्र ते सांगत नाही. ते कॅटलॉगमधूनच, म्हणजे डेटाबेस स्वतःची माहिती ठेवतो त्या टेबलांतूनच, काढावं लागतं.

बसवायला सोपं: शेअर्ड प्रीलोड लायब्ररीज या सेटिंगमध्ये नाव घालून सर्व्हर रीस्टार्ट (नुसता रीलोड पुरत नाही), मग क्रिएट एक्स्टेन्शन. लॉगचे वर्ग ‘रोल (रोल म्हणजे हक्क धारण करणारं खातं किंवा गट), डीडीएल (टेबलं वगैरे बनवणं-बदलणं), मिस्क_सेट (सेट रोलसारख्या आज्ञा)’ ठेवा. शेवटचा वर्ग गाळला, तर लॉगिन नाव दिसतं, पण ते काम सेट रोल करून (दुसरा रोल धारण करून) कोणत्या रोलच्या जोरावर झालं ते कळत नाही. ‘ऑल’ लावू नका; रीडच्या (डेटा वाचण्याच्या) नोंदींनी डिस्क भरते आणि हवी ती ओळ सापडत नाही. सगळं सर्व्हरच्या नेहमीच्या लॉगमध्येच जातं, वेगळी फाइल होत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस भारताच्या अधिकारक्षेत्रात ठेवायचे असतात, तेव्हा रोटेशन (जुने लॉग कधी काढायचे ते) आधीच ठरवा. सुपरयुजर (सगळे हक्क असलेलं खातं) हे ऑडिट आपल्या सेशनपुरतं बंद करू शकतो. रोजच्या कामाला ते लॉगिन कोणालाही देऊ नये.

खरी मेहनत हक्कांच्या क्वेरीत आहे. इन्फर्मेशन स्कीमातल्या रोल टेबल ग्रँट्स या तयार यादीवर विसंबू नका: साध्या लॉगिनने चालवलं, तर स्वतःच्या रोल्सशी संबंधित ग्रँटच दिसतात, आणि यादी पूर्ण वाटते. पीजी_क्लास या कॅटलॉग टेबलातला रेलएसीएल (टेबलावरच्या हक्कांचा कॉलम) एसीएलएक्स्प्लोड फंक्शनने उलगडा. रेलएसीएल नल (रिकामा) असेल तर ओळच येत नाही, म्हणून कोअ‍ॅलेसमध्ये (नलऐवजी दुसरी किंमत घेणारं फंक्शन) एसीएलडिफॉल्ट, म्हणजे मूळचे हक्क, घाला. ग्रँटी (हक्क मिळालेला) शून्य म्हणजे पब्लिक, म्हणजे सगळेच. रोल्सची नावं घ्यायला पीजी_रोल्सशी साधा जॉइन केला की नेमकी तीच ओळ गळते, म्हणून लेफ्ट जॉइन हवा. फंक्शनचं तर आणखी वाईट: प्रोएसीएल (फंक्शनच्या हक्कांचा कॉलम) नल म्हणजे ते चालवायची मुभा सगळ्यांनाच, आणि सिक्युरिटी डिफायनर असेल तर ते मालकाच्या हक्कांनी चालतं.

पोस्टग्रेस १६ पासून एका रोलच्या दुसऱ्या रोलमधल्या सभासदत्वाला इनहेरिट (त्याचे हक्क आपोआप मिळणं) आणि सेट (सेट रोल करता येणं) असे वेगळे पर्याय आले. इनहेरिट बंद, सेट चालू असेल, तर हक्क आहे का ते सांगणारं हॅज_टेबल_प्रिव्हिलेज फंक्शन ‘नाही’ म्हणतं, पण सेट रोल करून तोच माणूस टेबल वाचू शकतो. सभासदत्वं ठेवणाऱ्या पीजी_ऑथ_मेंबर्सवर रिकर्सिव्ह (सभासदाचे सभासदही शोधणारी) क्वेरी लिहून या दोन्ही पर्यायांचे कॉलम तपासा, पीजी_हॅज_रोल ‘सेट’ विचारून पडताळा.

जुनं डेटाबेस अपग्रेड केलेलं असेल, तर पब्लिक स्कीमात टेबल बनवायचा सर्वांचा हक्क तसाच राहतो. तो काढून घेणारा पोस्टग्रेस १५ मधला बदल फक्त नव्या डेटाबेसना लागू होतो. म्हणून तो हक्क हाताने रिव्होक करा.