ज्यांना अंधूक दिसतं अशा, प्लास्टिकची मॉडेल जोडणाऱ्यांसाठी ऑप्टिव्हायझर

कपाळावर पट्ट्याने बसणारं हे भिंग चष्म्यावरूनही लावता येतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. भिंगं काचेची आहेत, त्यामुळे प्लास्टिकच्या भिंगांइतके ओरखडे पडत नाहीत.

निवडताना हमखास चूक होते ती सर्वांत मोठं भिंग घेण्याची. १० नंबरचं भिंग साडेतीन पट मोठं दाखवतं खरं, पण मॉडेलचा भाग डोळ्यांपासून १० सेंटिमीटरवर धरावा लागतो. तिथे कटर नीट फिरवता येत नाही आणि पातळ सिमेंटची (प्लास्टिक जोडायच्या गोंदाची) वाफ थेट नाकात जाते. ५ नंबर अडीच पट दाखवतो, अंतर २० सेंटिमीटर. विमानाचं मॉडेल जोडायला हाच घ्यावा.

दिवा यात नाही. टेबलावरचा दिवा बाजूने, खालच्या कोनात ठेवा; पॅनलच्या रेषांत (विमानाच्या पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या खाचांत) सावली पडते आणि त्या उठून दिसतात. करड्या भागांखाली पांढरा कागद, कॉकपिटच्या पारदर्शक काचेखाली काळं कापड. पांढऱ्या डेकल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं) तर फिकट कागदावर दिसतच नाहीत, दिवा तिरपा केला की कडा चमकते.

भिंगाने मॉडेलचं प्रमाण, म्हणजे ते खऱ्या विमानापेक्षा किती पट लहान आहे ते, बदलत नाही. स्पिटफायर या लढाऊ विमानाचे पंख १:७२ मध्ये साधारण १५.६ सेंटिमीटर भरतात, १:४८ मध्ये २३.४. नजर फारच कमी असेल तर १:४८ घ्या. दृष्टीचा मधला भागच गेला असेल, तर पडद्यावर मोठं दाखवणारा कॅमेरा जास्त कामाचा.