गळ्यात माळ होती, पावतीवर लायसन नंबर नव्हता

रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांनी हे जरूर वाचा. केळीचा व्यापारी म्हणून आला आणि आम्हाला बुडवून गेला, तो माणूस नाव बदलून एव्हाना दुसऱ्या कुठल्या गावात उतरलाही असेल.

आमच्याकडे तो सप्ताहात आला. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जातो म्हणाला. काल्याच्या पंगतीला सढळ हातानं पैसे दिले, वाढायलाही स्वतः उभा राहिला. मग एक-दोघांचा थोडा थोडा माल नेला, तोही रोखीत आणि रोज जाहीर होणाऱ्या बोर्डाच्या भावापेक्षा चढ्या दरानं. गावाला आणखी काय हवं होतं?

मृगबाग, म्हणजे मृगाच्या सुमारास लावलेली केळी, कापणीला आली तेव्हा त्यानं एकदम कितीतरी बागा धरल्या, त्यात आमचीही. गाड्या भरल्या आणि हातात चेक. "दिल्लीचं पेमेंट अडकलंय माउली, सोमवारी टाका." सोमवारी टाकला, खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला. फोन बंद. कापणीच्या टोळीची मजुरीसुद्धा बुडवून गेला मेला.

पावती अजून घरात आहे. वर विठोबाचं चित्र, खाली फर्मचं ठसठशीत नाव, वजन, घट म्हणून वजनातली कपात, सगळं व्यवस्थित. बाजार समितीचा लायसन नंबर तेवढा कुठंच नाही. छापलेल्या पत्त्यावर त्या नावाची फर्म कोणी ऐकलेलीही नव्हती. लायसनवाल्याची समितीत नोंद असते, निदान तक्रार कुठं करायची ते कळतं. गाडी भरण्याआधी तो नंबर मागा आणि समितीत एक फोन करून खरा आहे का विचारा. माळ बघून थांबू नका.

गावातली शहाणी माणसं आमच्या घरी आण्णांना समजवायला आली. सोडून द्या, देव बघून घेईल. एकानं तर ताटीच्या अभंगांचा दाखला दिला. वारकरी घरात क्षमेवर प्रवचन! आण्णा म्हणाले, "मुक्ताईनं रुसून बसलेल्या ज्ञानदेवांना ताटी उघडायला सांगितलं. चोराला वाट करून द्या, असं कुठं म्हटलंय?" दुसऱ्या एकानं विचारलं, एवढी वारी करून काय मिळालं? त्यावर ते चिडले. "पैसे माणसानं बुडवले. पांडुरंगाशी माझा व्यवहार नव्हताच कधी. त्याची माया होती तशीच आहे." संध्याकाळी हरिपाठ झाला, सकाळी पिलबागेला पाणी सोडायला गेले. घड कापून नेले तरी बुंध्याशी पील, म्हणजे नवा कोंब, वाढतच होतं, आणि घराचं पुढचं वर्ष आता त्याच्यावरच आहे.

चेक परत आला तर बँकेचा मेमो जपून ठेवा. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस, आणि त्यातही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात कलम 138 ची, म्हणजे चेक न वटल्याची, तक्रार. गावातला एक जण "माळकरी आहे, देईल" म्हणत बसला, मुदत गेली, आता उशीर का झाला ते कोर्टाला पटवतोय.

आमची केस चालू आहे. मधली एक तारीख नेमकी वारीच्या दिवसांत पडत होती. आण्णांनी वकिलांना सांगून ती पुढची मागून घेतली. म्हणाले, आधी पंढरपूर, मग तो.