पंचवटी एक्सप्रेस : घाटातल्या अर्ध्या तासासाठी

नाशिकरोडहून मुंबईला नोकरीसाठी ये-जा करणाऱ्यांना पंचवटी एक्सप्रेसची ओळख करून देण्याची गरज नाही. १ नोव्हेंबर १९७५ रोजी सुरू झालेली ही गाडी सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडते आणि संध्याकाळी सव्वासहाला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून परत निघते. मी सहा वर्षांपासून तिची पासधारक आहे. तरीही हे परीक्षण वेळापत्रकासाठी किंवा आसनांसाठी नसून इगतपुरी ते कसारा या अर्ध्या तासासाठी आहे, कारण पहिली तीन वर्षे तो रोज डोळ्यांदेखत जात असूनही मी तो पाहिलाच नव्हता.

तेव्हा जागा मिळताच मी फोनवर कार्यालयाची कामे उघडत असे आणि मान वर होई ती थेट कल्याणला. जुलैमधल्या एका सकाळी घाटात रेंज गेली. गाडी बोगद्यातून बाहेर पडली, तेव्हा काळ्या कातळावरून कोसळणारी धार अगदी खिडकीशी आली होती. समोरची तरुणी वेणी घालत होती. घरून पहाटे निघणाऱ्या बायकांची वेणी बहुधा देवळाली गेल्यावरच पुरी होते. तिने अर्धी वेणी एका मुठीत तशीच धरली, दुसऱ्या हाताचा तळवा गजांशी नेऊन तुषारांनी भिजू दिला आणि पुढचा बोगदा येताच ओल्या बोटांनी उरलेले पेड गुंफायला घेतले. सारे मिळून पाच-सहा सेकंद झाले असतील. त्या दिवशी कार्यालयात काय काम केले ते मला आठवत नाही, ती मूठ मात्र आजही आठवते.

या घाटात ३७ फुटांमागे एक फूट असा चढ आहे. मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने, म्हणजे बँकर, लावावी लागतात आणि उतरतानाही वेग बेताचाच ठेवावा लागतो. घाईच्या माणसाला हा खोळंबा वाटतो, पण त्यामुळेच समोरचे काही नजरेत ठरते.

माझे स्पष्ट मत असे की, पावसाळ्यात वातानुकूलित डबा घेऊ नये. काचेआडून ना ओल्या मातीचा वास येतो, ना पाण्याचा आवाज. शक्य असल्यास साध्या आरक्षित डब्यात खिडकी धरावी आणि घोटीपासूनच बाहेर पाहावे. भाताची आवणी चालू असते. चिखलात वाकलेली एखादी बाई कंबर सरळ करून गाडीकडे पाहते, तेवढ्यात ती मागे पडते. ढग नसले तर कळसूबाईची रांगही दिसते. दरड कोसळली की घाटात सगळ्याच गाड्या रखडतात, हे मात्र गृहीत धरून निघावे.

हिवाळ्यात परतताना घाट अंधारात जातो, तेव्हा पाहायचे ते डब्यातच. गेल्या डिसेंबरात एक मावशी मटार सोलत बसल्या होत्या. शेजारच्या कॉलेजच्या मुलीने कानातले इअरफोन काढले आणि काही न विचारता त्यांच्या पिशवीतून मूठभर शेंगा उचलल्या. इगतपुरीला गार वारा आत आला, दोघींनी मिळून खिडकी ओढून घेतली आणि पुन्हा हात शेंगांना लावले. घोटी मागे पडेपर्यंत पिशवी रिकामी झाली होती. एकमेकींची नावे विचारायची अजून राहिली होती.