शिलाई अव्वल, चित्र जेमतेम: मिरकरवाड्यात शिवलेला रोटेनबुर्गचा झेंडा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराकडच्या या दुकानात होड्यांचे झेंडे आणि नारळी पौर्णिमेच्या पताका शिवतात. वारा कापडाचं काय करतो हे कारागिरांना पक्कं ठाऊक आहे. परदेशी राजचिन्ह काढायचं काम मात्र त्यांच्यावर सोपवून मोकळं होऊ नये.

रोटेनबुर्ग ऑब डेर टाउबर हे बव्हेरियातलं छोटं शहर, १२७४ पासून १८०३ पर्यंत थेट सम्राटाच्या अखत्यारीत असलेलं मुक्त नगर. चिन्ह सुटसुटीत आहे: चांदीच्या ढालीवर लाल किल्ला, दोन मनोऱ्यांचा. इथेच पहिली गडबड झाली. ‘चांदी’ ऐकून दुकानाने चकचकीत राखाडी सॅटिन लावलं. झेंड्यावर चांदी म्हणजे पांढरं आणि सोनं म्हणजे पिवळं, हे ऑर्डर देतानाच लिहून द्यावं. शिवाय सॅटिन खाऱ्या वाऱ्यात लवकर विरतं. विणीचं पॉलिस्टर मागावं, चौरस मीटरला ११० ग्रॅम वजनाचं. किल्ल्याचा कागदी साचाही आपणच पूर्ण मापात न्यावा. छोट्या फोटोवरून वाढवला की मनोऱ्यांचे दाते वाकडे येतात.

दुसऱ्या झेंड्याचं काम मात्र बघत राहावं असं. १००×१५० सेंमीच्या पांढऱ्या कापडावर लाल किल्ला ठेवून कडेने दाट झिगझॅग टाका घातला, मग मागचं पांढरं टाक्यापासून ३ मिमी सोडून कापून काढलं. त्यामुळे किल्ला दोन्हीकडून लालच दिसतो आणि कापड एकपदरी राहतं. मागचं तसंच ठेवलं तर पाणी धरून झेंडा लोंबतो. लाल तुकडा सुती असेल तर ओला करून पांढऱ्यावर रात्रभर दाबून ठेवा. रंग उतरायचा असेल तर तिथेच कळेल.

मोकळ्या कडेला दुहेरी दुमड, चार ओळी शिलाई, कोपऱ्यांत तिकोनी ठिगळ. धागा पॉलिस्टरचाच, कारण सुती धागा उन्हाने आणि मिठाने कुजतो. काठीकडच्या कॅनव्हास पट्टीतून दोरी ओवून घ्या. लोखंडी आयलेट (दोरीच्या भोकाला बसवायच्या कड्या) गंजून डाग पाडतात, पितळी हिरवे पडतात.

जर्मनीत असे झेंडे उभेही लावतात, वर आडवी दांडी घालून. त्यासाठी वेगळा शिवावा लागतो. आडवाच फिरवून टांगला तर किल्ला कुशीवर पडतो.

होमस्टेवाल्यांनो, तिरंग्याच्या काठीवर हा चढवू नका, त्याच्या वर किंवा बरोबरीनेही नको. आणि हेच चिन्ह पाटीवर, व्हिजिटिंग कार्डावर छापायचं असेल तर त्या नगरपालिकेची परवानगी काढा.

पावसाळ्यात झेंडा उतरवून गोड्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच घडी घाला, नाहीतर बुरशी धरते. कड विरू लागताच दुकानात न्या. ते पाचेक सेंटिमीटर कापून पुन्हा दुमडतात. दोनदा कापल्यावर किल्ला मध्यावरून सरकलेला दिसतो, तेव्हा नवा शिवायला टाकावा.