गुहागर, खालचा पाट : दोघांसाठी वाडीतला होमस्टे

गुहागरला दोघांनीच जायचं असेल आणि हातात फक्त शनि-रवि असेल तर सी व्ह्यू रिसॉर्टच्या मागे न लागता खालच्या पाटातल्या (हा गुहागरचाच एक भाग) एखाद्या घरगुती होमस्टेमध्ये राहा, असं मी अगदी मनापासून सांगेन. मुलीची बारावी, सासूबाईंचं आजारपण, ह्यांची नोकरी, असं करत करत आमचं दोघांचं समुद्रावर जाणं कित्येक वर्षं राहून गेलं होतं, त्यामुळे ही सुट्टी वाया जाऊ नये असं फार वाटत होतं आणि ती नाहीच गेली.

आम्ही पुण्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरलो. तिथून गुहागर साधारण 45 किलोमीटर. मुंबईकडून किंवा दापोलीवरून येणाऱ्यांना दाभोळ-धोपावे फेरीबोट आहे, गाडीसकट चढायचं.

गुहागरची घरं रस्त्याला लागून आणि मागे लांबच लांब नारळी-पोफळीची वाडी, वाडी संपली की सुरूची झाडं आणि थेट पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. आमची खोली वाडीतच होती. खोली साधी, एसी नाही, गादी पातळ आहे (कंबरदुखी असेल तर आधीच जाडी गादी मागून घ्या), संध्याकाळी लाईट जाऊन आली, आणि वाडीला पाणी शिंपतात त्यामुळे डास भरपूर, तेव्हा ओडोमॉस हवंच. पण बाथरूम चकचकीत, चादरी उन्हात वाळवलेल्या, आणि रात्री झोपताना लाटांचा आवाज खोलीत येतो, याला मी पूर्ण मार्क देते.

जेवण शाकाहारी, घरचं. ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, सकाळी घावनं आणि नारळाचा रस. काजूची उसळ हंगामातच खावी, नंतर ओले काजू मिळत नाहीत. होमस्टेच्या काकू वाढताना समोर उभ्या राहून आग्रह करतात, आणि इतकी वर्षं घरात सगळ्यांना वाढणाऱ्या बाईला कोणीतरी गरम घावन ताटात आणून देतं तेव्हा काय वाटतं ते बायकांना सांगायला नको. मासे मात्र इथे मिळणार नाहीत, ते बाहेर जाऊन खावे लागतात, ह्यांनी एक दुपार तेच केलं.

पण मला सगळ्यात जास्त आवडलं ते म्हणजे होमस्टेच्या काकांचं भरती-ओहोटीचं गणित. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो, म्हणजे तिथी षष्ठी. काका म्हणाले तिथीची पाऊणपट करा, सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, तुम्ही जेवून थोडे पडा आणि त्या बेताने हेदवीला जा. हेदवी वीस-पंचवीस किलोमीटरवर. आधी दशभुजा गणपतीचं दर्शन घेतलं, मग खाली समुद्रावर बामणघळ, काळ्या खडकात पडलेली अरुंद भेग आहे ती, भरतीला लाट आत घुसते आणि पाणी उंच उसळतं, आम्ही दोघं लांब उभे राहून चिंब भिजलो. ओहोटीला तिथे नुसती खडकातली फट दिसते, आणि लोक तेव्हा येऊन "एवढंच?" म्हणून परत जातात. दरवाजावर वेळापत्रक चिकटवून हे होत नाही, घरातलं कोणीतरी तुमची सुट्टी आपली समजून बसून सांगतं तेव्हा होतं. खडकाच्या अगदी कडेला मात्र जाऊ नका.

सकाळी काकांनी कासवांच्या हॅचरीकडे पाठवलं. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं वाळूवर सोडली आणि ती एवढीशी पावलं टाकत पाण्याकडे निघाली. 2023 मध्ये ह्याच किनाऱ्यावर सॅटेलाइट टॅग लावलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेपर्यंत पोचली होती, हे तिथेच कळलं. ह्यांनी माझा हात धरून ठेवला होता, पिल्लू लाटेत गेलं तरी सोडला नाही. घरी असं कधी होतं, सांगा.

बाकी व्याडेश्वराचं मंदिर चालत जाण्यासारखं, अंजनवेलचा गोपाळगड पण जवळ आहे, आम्ही मुद्दाम नाही गेलो, पुळणीवर बसून राहिलो. किनारा लांबच लांब आहे त्यामुळे गर्दी असली तरी थोडं चाललात की तुम्ही दोघंच.

खोलीचे रात्रीचे 1800 घेतले, जेवण वेगळं, मिळालं त्या मानाने कमीच वाटले. फोनला खोलीत रेंज येत नाही, अंगणात येते. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि मे महिन्यात जायचं असेल तर आत्ताच बुकिंग करा, आंब्याच्या दिवसांत खोली मिळणं अवघड आहे.