मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी: शौचाची चाचणी की कोलोनोस्कोपी?

मोठ्या आतड्याचे बहुतेक कर्करोग अस्तरावर उगवणाऱ्या पॉलिप नावाच्या लहान गाठींपासून सुरू होतात आणि अशा गाठीचा कर्करोग व्हायला सहसा दहाएक वर्षे लागतात. या काळात बहुधा काहीच त्रास जाणवत नाही. म्हणूनच तब्येत ठणठणीत असतानाच तपासणी करून घ्यायची असते. अमेरिकेत २०२१ मध्ये ती सुरू करण्याचे वय ५० वरून ४५ वर आणले गेले, तर अनेक देशांत ते ५० आहे.

शौचाच्या नमुन्यातील डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी ‘फिट’ ही चाचणी घरच्या घरी नमुना घेऊन करता येते. ती केवळ मानवी हिमोग्लोबिन ओळखत असल्यामुळे जुन्या पद्धतीच्या चाचणीप्रमाणे आधी मांसाहार टाळावा लागत नाही. मात्र बरेचसे पॉलिप रक्तस्राव करत नाहीत, त्यामुळे ते या चाचणीतून निसटतात. प्रत्यक्ष कर्करोगांपैकीही सुमारे चौथा हिस्सा एका वेळच्या चाचणीत हुकू शकतो. ही उणीव भरून निघते ती दर वर्षी किंवा दोन वर्षांनी चाचणी पुन्हा करण्यानेच.

कोलोनोस्कोपीत दुर्बिणीने संपूर्ण मोठे आतडे आतून पाहता येते आणि आढळलेला पॉलिप बहुधा त्याच वेळी काढून टाकता येतो, म्हणजे ही तपासणी कर्करोग शोधते तसाच तो टाळतेही. आतडे स्वच्छ आढळल्यास पुढची तपासणी साधारणपणे दहा वर्षांनी होते. आदल्या दिवशीचे जुलाबाचे औषध हा बहुतेकांना प्रत्यक्ष तपासणीपेक्षाही नकोसा वाटणारा भाग असतो. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका हजारात एकाहून कमी असला, तरी वृद्धांमध्ये तो वाढतो. पॉलिप काढल्यावर कधीकधी रक्तस्रावही होतो.

स्पेनमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात या दोन तपासण्यांसाठी बोलावलेल्या गटांमध्ये दहा वर्षांतील या कर्करोगाचे मृत्यू जवळपास सारखेच आढळले, आणि फिटसाठी अधिक लोक पुढे आले. त्यामुळे जोखीम सर्वसाधारण असलेल्या आणि चाचणी नियमाने करणाऱ्या व्यक्तीने फिट निवडणे मला दुय्यम पर्याय वाटत नाही. ज्याला तारखा पाळणे जमत नाही, त्याने मात्र कोलोनोस्कोपीच करून घ्यावी.

आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा कर्करोग झालेला असल्यास, किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याला दीर्घकाळ सूज आणि व्रण आणणारा आजार आठ वर्षांहून जुना असल्यास, निवडीचा प्रश्न सहसा उरत नाही. तेथे कोलोनोस्कोपी लागते. शौचातून रक्त जात असेल, वजन विनाकारण घटत असेल किंवा लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झाला असेल, तर ‘मूळव्याध असेल’ असे स्वतःच ठरवून न थांबता डॉक्टरांना दाखवावे. फिटमध्ये रक्त आढळल्यास तीच चाचणी पुन्हा करून दुसऱ्या निकालावर समाधान मानू नये. त्यानंतर कोलोनोस्कोपी करावीच लागते, आणि ती करण्याची तयारी नसेल तर फिट करून काही साधत नाही.