वाळूजची नोकरी गेल्यावर केलेला व्हीएमसीचा अभ्यासक्रम : काही महिन्यांनंतरचा अनुभव

छत्रपती संभाजीनगरातील ज्या खासगी केंद्रात मी सीएनसी-व्हीएमसीचे, म्हणजे संगणकीय प्रोग्रॅमवर चालणाऱ्या, धातू कापून घडवणाऱ्या यंत्राचे प्रशिक्षण घेतले, तिथे नव्या तुकडीचे प्रवेश सुरू झाले आहेत आणि वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याच्या प्रेसशॉपमधले (पत्रा दाबून आकार देण्याच्या विभागातले) माझे जुने सहकारी फी भरावी का, असे विचारत आहेत. अभ्यासक्रमाचा तपशील माहितीपत्रकात आहेच. यंत्रावर आपला हात प्रत्यक्षात किती वेळ पडतो, एवढे मात्र त्यात छापलेले नसते, आणि माझ्या मते फी त्याच एका गोष्टीची मोजायची असते.

आमच्या संपूर्ण तुकडीला यंत्र एकच होते. पहिले काही आठवडे संगणकावरच्या सिम्युलेटरवर गेले. पुढे यंत्रापाशी गेलो, तेव्हा सेटिंग, म्हणजे काम सुरू करण्यापूर्वीची यंत्राची जुळवणी, प्रशिक्षक करत आणि आम्ही भोवती उभे राहून वहीत उतरवून घेत असू. जॉब (घडवायचा तुकडा) व्हाइसमध्ये म्हणजे पकडीत बांधणे, डायल लावून तो सरळ करणे, एज फाइंडरने कड शोधून जी-५४ मध्ये, म्हणजे जॉबचा शून्यबिंदू ठरवणाऱ्या नोंदीत, एक्स आणि वाय भरणे, प्रत्येक टूलची लांबी घेऊन ती यंत्राच्या ऑफसेटच्या (मापांच्या नोंदीच्या) पानावर नोंदवणे, ही कामे पाहून येत नाहीत. लांबीचा आकडा चुकला किंवा टूलची लांबी लागू करणाऱ्या जी-४३ च्या ओळीत भलत्याच टूलचा एच क्रमांक (लांबीच्या नोंदीचा क्रमांक) पडला, तर टूल थेट जॉबमध्ये घुसते आणि दुरुस्तीचा खर्च केंद्राच्या अंगावर येतो. ही भीती खरी आहे. पण या भीतीपोटी यंत्र हाती दिलेच नाही, तर शिकणारा सायकल स्टार्टचे बटण दाबणारा ऑपरेटरच राहतो, आणि ऑपरेटर व ही जुळवणी करणारा सेटर यांच्या पगारातला फरक वाळूजमध्ये कोणाला सांगावा लागत नाही.

मी तोंडी विनंती केली, मग लेखी अर्ज दिला, शेवटी संचालकांशी चांगलाच वाद झाला. बीड-परभणीकडची मुले इथे खोली करून राहतात, जेवणाचा खर्च घरून मागवतात. त्यांना नुसते उभे करून ठेवणे मला सहन होत नव्हते. वादानंतर सायंकाळची वेळ मिळाली. नायलॉनचा ठोकळा, सिंगल ब्लॉक चालू (प्रोग्रॅमची एकेक ओळ थांबून चालते), रॅपिड म्हणजे टूल हलण्याचा वेग अगदी कमी, अशा रीतीने प्रत्येकाने स्वतः ऑफसेट घेतला आणि यंत्राला काहीही झाले नाही. हीच पद्धत पहिल्या महिन्यापासून का ठेवत नाहीत, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

सिम्युलेटर म्हणजे वेळकाढूपणा, असे माझे तेव्हा ठाम मत होते. नोकरी लागून काही महिने झाल्यावर ते बदलले आहे. केंद्रातल्या यंत्राचा कंट्रोल (यंत्र चालवणारी संगणक-प्रणाली) फॅनुक कंपनीचा होता, इथे नोकरीच्या ठिकाणी सिमेन्सचा आहे. तिथे टूलच्या लांबीसाठी जी-४३ आणि एच लागतो, इथे टूलबरोबर डी क्रमांक चालतो. सिम्युलेटरवर दोन्ही कंट्रोल शिकवले होते, त्यामुळे प्रोग्रॅमची ओळ वाचताना मी अडलो नाही. एवढे श्रेय केंद्राला दिलेच पाहिजे.

पैशांचे म्हणाल, तर ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा मला आधार झाला. २०१८ पासूनच्या या योजनेत सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी, आणि तीही आयुष्यात एकदाच मिळते. ईएसआयचीच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनाही आहे आणि तिच्यात कौशल्यवाढीच्या प्रशिक्षणाची फी व प्रवासखर्च महामंडळ उचलते. हे मात्र मला फी भरून झाल्यावर समजले, कारण कारखान्यात कोणीच आम्हाला ते सांगितले नव्हते. ती योजना कारखाना बंद पडणे किंवा कामगार कपात अशा कारणांसाठी आहे. ज्या सहकाऱ्यांनी हिशेब लवकर मिळावा म्हणून राजीनाम्यावर सही केली, त्यांची ती वाट तिथेच बंद झाली. याची मला आजही फार चीड येते.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना १८ ते ३५ वयासाठी आहे, म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या आमच्यासाठी नाही. माझा पुतण्या आयटीआय फिटर आहे, त्याला तिथून महिन्याला ८,००० रुपये विद्यावेतन मिळाले; बारावी उत्तीर्णांना ६,००० आणि पदवीधरांना १०,००० असा दर आहे. २०२४ मध्ये सहा महिन्यांची असलेली मुदत २०२५ मध्ये अकरा महिने झाली. परंतु त्याची नेमणूक झाली एका कार्यालयात, आणि फाइल हाताळून फिटरचा हात तयार होत नाही. विद्यावेतनाचा आकडा सगळीकडे सारखाच आहे, तेव्हा अर्ज करताना चिकलठाणा-शेंद्र्याकडचा लहानसा का होईना कारखाना निवडावा, असे मी आता धाकट्या पुतण्याला सांगितले आहे.

जुन्या सहकाऱ्यांना माझे उत्तर असे की प्रवेश घ्यावा, मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला सेटिंगसाठी किती तास यंत्र मिळेल, हे पावतीवर लिहून घ्यावे. या वेळी दुसरे यंत्र आणल्याचे केंद्र सांगते. ते उघडायला लावा, स्पिंडल (टूल धरून फिरणारा दांडा) फिरवून दाखवायला सांगा, टूल बदलताना पाहा, आणि मगच पहिला हप्ता भरा.